मोठ्या भिंतीवरची खळ

पोपडे हे त्याचं आडनाव नव्हतं, आणि आईबापांनी ठेवलेलं नावही नव्हतं. ते लोकांनी चिकटवलं होतं. लोकांनी चिकटवलेलं असं सहजासहजी निघत नाही, कितीही घासा.

अकरा वर्षांपूर्वी त्या सगळ्या भागात त्याच्यासारखी भिंत तयार करणारा माणूस नव्हता. हे मी नाही म्हणत, त्याच्यावर जळणारेसुद्धा म्हणायचे. आता तुम्ही म्हणाल, भिंत तयार करण्यात काय मोठंसं? तर ऐका. भिंतीवरचा वॉलपेपर काढणं कुणालाही जमतं. गरम पाणी मारायचं, दहा मिनिटं थांबायचं, पत्र्याने कड उचलायची, की आला खाली. पण कागद गेला तरी ज्या खळीने तो चिकटवलेला असतो ती खळ भिंतीवरच राहते. ओली असेपर्यंत बुळबुळते, वाळली की दिसतसुद्धा नाही. वरून भिंत कशी, अगदी साधीभोळी! तिच्यावर रंग मारलात की तो भिंतीला धरतच नाही, खळीला धरतो. खळ सुटली की रंग आलाच खाली. म्हणून गरम पाणी आणि स्पंज घेऊन भिंत धुवायची. एक हात, दुसरा हात, तिसरा हात, आणि दर वेळी बादलीतलं पाणी बदलायचं. मग तळवा ओला करून भिंतीवरून ओढायचा. घसरला तर खळ आहे, अडला तर भिंत तयार. त्यानंतर भोकं बुजवा, पुट्टी भरा, घासा, प्रायमर मारा, काय ते करा.

पण या धंद्याची रीतच अशी की रंग चांगला दिसला तर शाबासकी रंगाऱ्याला, आणि उडाला तर शिव्या भिंतवाल्याला.

त्याचा रंगारी होता मेस्त्री. मेस्त्री म्हणजे नुसता रंगारी नव्हे, बोलघेवडा माणूस. रंग मारताना गिऱ्हाइकाला असा बोलण्यात गुंगवायचा की गिऱ्हाईक भिंतीकडे बघायचं विसरून जायचं. दोघं मिळून एका मोठ्या सभागृहाचं काम करत होते. उद्घाटनाची तारीख ठरलेली, दिवस थोडे. पोपडेने, म्हणजे तेव्हा तो पोपडे नव्हता, तळवा फिरवून सांगितलं, "मेस्त्री, अजून दोन हात धुवायला हवी. घसरतंय."

मेस्त्री म्हणाला, "राहू दे रे. एक हात पाणी बास झालं. बाकीचं प्रायमर गिळतो."

तिसऱ्या महिन्यात, भर कार्यक्रमात, पाहुण्यांच्या खांद्यावर रंगाचे पोपडे पडायला लागले. व्यासपीठावरच्या एका बाईंच्या चहाच्या कपात एक पडला. दोघांना बोलावणं आलं. आणि मेस्त्री, पापणीसुद्धा न लववता, सगळ्यांसमोर म्हणाला, "रंग माझा, भिंत याची. याने धुतलीच नाही, तर मी काय करू?"

मेस्त्री "राहू दे" म्हणाला तेव्हा सभागृहात दोघंच होते. साक्ष कोण देणार? बादली? पोपडेने तोंड उघडलं तर लोक हसले. आपलं झाकायला दुसऱ्याकडे बोट दाखवतोय म्हणाले. चोर तो चोर, वर शिरजोर, आणि ज्याने चोरी केलीच नाही त्याच्या कपाळी शिक्का. त्या दिवसापासून तो पोपडे. घरातलं काम बंद झालं. गटाराचे पाईप रंगवा, फाटकं रंगवा, गच्चीवर डांबर ओता. दुकानात त्याच्या बायकोला लोक ओळखायचे ते "ही पोपड्याची" म्हणून. ती बिचारी एकदा भर दुकानात रडली होती. ते त्याने पाहिलं होतं, आणि त्या दिवशी त्याने जो डूख धरला तो धरलाच.

अकरा वर्षांनी मेस्त्रीची बायको दारात उभी राहिली.

"भाऊजी," ती म्हणाली, "मुलाचं लग्न आहे दहा दिवसांनी. पुढच्या खोलीला तो जुना वॉलपेपर आहे ना, तो काढायचाय. यांचा खांदा गेलाय, रोलर फिरवतात कसाबसा, पण खरवडणं होत नाही. तिघांना विचारलं, कुणाला वेळ नाही. आणि खरं सांगू का, भिंत तुमच्याइतकी कुणाला येते?"

पोपडेची बायको आतून बाहेर आली, वहिनींना पाणी दिलं, बसा म्हणाली, हवापाण्याचं बोलली. वहिनी गेल्यावर मात्र तिने रिकामा पेला असा आदळला की पोचा पडला.

"जाणार आहात?"

"बघतो."

"बघता काय? जा. मी असते ना तर भिंतीला गूळ फासून मुंग्या सोडल्या असत्या."

"मुंग्या नको," पोपडे म्हणाला. "मला वेगळंच हवंय."

त्याला काय हवं होतं हे त्याला अकरा वर्षं माहीत होतं. भिंत पडायला नको होती, मेस्त्रीचा दुसरा खांदाही जायला नको होता. त्याला फक्त ते वाक्य हवं होतं. मेस्त्रीच्या तोंडून, चार माणसांसमोर. "राहू दे, बाकीचं प्रायमर गिळतो." आणि नंतर रंग उडायला हवा होता, म्हणजे त्या चार माणसांना आपोआप कळलं असतं की सभागृहात काय झालं होतं. लोकांनी एवढं म्हटलं की झालं: अरे, पोपडेचा दोष नव्हता. एवढंच. एवढ्यासाठी माणूस अकरा वर्षं झोपेत दात खातो!

पहिल्या दिवशी मेस्त्री खुर्ची टाकून बसला होता. केस पिकले होते, जीभ मात्र तशीच. "ये रे पोपडे," तो म्हणाला. बघा! ज्याच्यामुळे नाव पडलं त्यानेच त्या नावाने हाक मारावी! वर म्हणतो, "झालं गेलं गंगेला मिळालं. माणसाने मनात ठेवू नये."

"नाही ठेवत," पोपडे म्हणाला आणि बादली भरायला गेला.

खोली लांबट होती. तीन भिंती लहान, खिडक्यादारांच्या. चौथी मोठी, सलग, दारातून आत येणाऱ्याच्या बरोबर नजरेसमोर. वॉलपेपर एक नव्हता, एकावर एक तीन होते, वरचा पिवळ्या फुलांचा. असला कागद काढायला गेलं की अंगाची आग होते. पण पोपडेला घाई नव्हती. त्याने लहान भिंतींपासून सुरुवात केली. ही त्याची पहिली चाल. चार दिवस त्याने त्या तीन भिंतींवर काढले. एकेक वीत उतरवली, तीनतीनदा धुतली, तळवा फिरवला, चौथ्यांदा धुतली. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, किती मन लावून करता हो!" मन लावूनच करत होता. दिवस खात होता तो. घड्याळ आणि लग्नाची तारीख, या दोघांना त्याने कामावर लावलं होतं, फुकटात.

पाचव्या दिवशी मोठ्या भिंतीचा कागद उतरला. पोपडेने तिला एक हात पाणी फिरवलं. फक्त एक. तळवा ओढला, तर तळवा असा घसरला की जणू साबणावर ठेवलाय. अख्खी भिंत खळीने माखलेली होती. त्याच्या हाताला सवय अशी की तो आपोआप बादलीकडे गेला. पोपडेने हात मागे घेतला आणि खिशात घातला. खरं सांगायचं तर त्या वेळी त्याला फार आनंद झाला. एवढा आनंद त्याला पहिलं मूल झालं तेव्हाही झाला नसेल.

मग तो थांबला. सुतार दाराची चौकट बसवायला आला होता. वायरमन शिडीवर चढून दिव्याची तार ओढत होता. वहिनी चहा घेऊन आल्या. मेस्त्री रोलर पुसत बसला होता. सगळे एका खोलीत. पोपडेने घसा साफ केला आणि मोठ्याने, अगदी पलीकडच्या बहिऱ्यालाही ऐकू जाईल असं, विचारलं, "मेस्त्री, तीन भिंती तयार. या मोठ्या भिंतीला एकच हात पाणी झालंय. अजून दोन हात धुवायला हवी, घसरतंय. धुऊ का?"

मेस्त्रीने भिंतीकडे बघितलं नाही. बोटांवर दिवस मोजले. प्रायमरचा एक दिवस, रंगाचे दोन हात म्हणजे दोन दिवस, वाळायला, सामान लावायला.

"धुतलीस की वाळायला परत दोन दिवस," तो म्हणाला. "राहू दे रे. एक हात पाणी बास झालं. बाकीचं प्रायमर गिळतो."

शब्दाला शब्द! माणूस अकरा वर्षांत खांद्याने बदलला, केसाने बदलला, पण वाक्यात काना-मात्रेचा फरक नाही. पोपडे सुताराकडे वळला. "सुतारदादा, ऐकलंत ना? उद्या माझ्या नावावर नको."

"ऐकलं बाबा, ऐकलं," सुतार हसला. वायरमनही शिडीवरून म्हणाला, "मीही ऐकलं, वरून ऐकलं!" सगळे हसले. मेस्त्रीसुद्धा हसला. "अजून पोटात आहे वाटतं याच्या," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी पोपडेने बायकोला सगळं सांगितलं, दोनदा. दुसऱ्यांदा तिनेच सांगायला लावलं. "सुतारासमोर? वायरमनसमोर? आणि वहिनींसमोरपण?" ती टाळ्या वाजवत होती. "आता किती दिवस?"

"हवा दमट झाली की. महिना, दीड महिना."

"मग दीड महिना मी दुकानात मान वर करून जाणार," ती म्हणाली. आणि गेली.

लग्न झालं. मेस्त्रीने एका हाताने, दात आवळून, मोठी भिंत अशी रंगवली होती की आलेला प्रत्येक माणूस दारातच थबकायचा. फिका निळा, डाग नाही, रेघ नाही. लोक म्हणाले, "मेस्त्री, म्हातारपणातही हात आहे हं!" घरात सून आली. बावीस-तेवीस वर्षांची, बोलायला मऊ, कामाला चटपटीत. पोपडे पंगतीच्या कोपऱ्यात बसून भिंतीकडे बघत जेवला. त्या भिंतीपुढे नवी सून उभी होती आणि सगळे तिला बघत होते. त्याने तिच्याकडे पाहिलंच नाही.

त्यानंतर पोपडेला त्या रस्त्याने जायची कामं आपोआप निघायला लागली. उघड्या खिडकीतून भिंतीचा तुकडा दिसायचा. अजून निळा, अजून सपाट. हवा दमट झाली. त्याने आभाळाकडे असं बघितलं की शेतकऱ्यालाही लाज वाटावी. आणि पाचव्या आठवड्यात सुतार त्याला रस्त्यात भेटला.

"गेली रे तुझी भिंत," सुतार म्हणाला.

"माझी?"

"म्हणजे त्यांची. कोपऱ्यात फुगे आले होते, काल एवढी मोठी पापडी सुटून पडली. मग दुसरी. अर्धी भिंत महारोग झाल्यासारखी झालीये. मेस्त्री तर वेडापिसा झालाय. गिऱ्हाइकांना घरी आणून दाखवायचा ना भिंत!"

"मग?" पोपडेने विचारलं. "काय म्हणतोय? माझं नाव घेतलं?"

"छे! तुझं कसं घेईल? आम्ही सगळे होतो ना तिथे." सुताराने आवाज खाली आणला. "सुनेवर ढकललंय. म्हणे ही ओलं फडकं घेऊन रोज भिंत पुसते. एकदा धूळ पुसली होती बिचारीने, फोटो लावताना. झालं. आता सगळं घर तिला बोलतंय. ओल्या हाताची सून म्हणतात."

आता इथे नीट ऐका. पोपडेने हे ऐकलं. पहिल्याच दिवशी ऐकलं. त्याला एक क्षण कसंतरी झालं, नाही झालं असं नाही. पण मग तो म्हणाला, "आपणहून कशाला जाऊ? बोलावू दे. त्यांच्या तोंडून निघू दे, की पोपडे, ये, काय झालं बघ." घरी जाऊन बायकोला सांगितलं तेव्हा भिंतीचं सांगितलं, फुग्यांचं सांगितलं, पापडीचं सांगितलं. सुनेचं सांगितलं नाही. बायकोने गोड केलं. दोघांनी खाल्लं. पोपडे रोज संध्याकाळी दाढी करायला लागला, न जाणो कधी बोलावणं येईल. आंबा आढीत घातल्यासारखा तो आपला राग पिकू देत होता. असे सहा दिवस गेले.

सातव्या दिवशी वहिनींचा निरोप आला. पोपडेने धुतलेला सदरा घातला. बायकोने पाठीवरून हात फिरवून चुण्या काढल्या. "सगळ्यांसमोर बोला हं," ती म्हणाली. "कोपऱ्यात नेऊन बोलायला लागले तर ऐकू नका."

खोलीत पाऊल टाकलं आणि त्याने भिंत पाहिली. बाप रे! सुताराने कमीच सांगितलं होतं. वरपासून खालपर्यंत रंग जागोजागी सुटून वळला होता, फरशीवर निळे तुकडे पसरले होते. एकदम डोळ्यांत भरणारं काम. मेस्त्री खुर्चीत होता. सुतार खिडकीशी बसून बिजागरी काढत होता, खिडकी नीट लागत नाही म्हणून वहिनींनी त्याला बोलावलं होतं. वहिनी पदराने तोंड पुसत उभ्या. आणि दाराजवळ एक बॅग, बॅगेशेजारी सून.

"ये, ये," मेस्त्री म्हणाला. आज पोपडे म्हणून हाक मारली नाही. "बस. चहा ठेवा गं याला. काय दशा झाली बघ."

"बघतोय."

"तू काही मनाला लावून घेऊ नकोस हं," मेस्त्री म्हणाला, आणि मग सुताराकडे बघत, अगदी मोठ्याने, "याचा यात काडीचा दोष नाही. भिंत याने उत्तम केली होती. मी स्वतः बघितली होती. याच्यासारखी भिंत कुणाला येत नाही, हे मी आज सगळ्यांसमोर सांगतो. आणि आता विचार करतो तेव्हा वाटतं, त्या सभागृहातही याचा दोष नसेल. हवेचा असेल. उगाच बदनाम झाला माणूस."

पोपडे उभाच राहिला. हेच. याच शब्दांसाठी त्याने अकरा वर्षं दात खाल्ले होते, आणि मेस्त्री ते ताटात वाढून देत होता. उद्या सुतार बाजारभर सांगेल. परवा कुणीतरी घरात बोलावेल, भिंतीसाठी. बायको दुकानात जाईल. त्याने फक्त "बरं" म्हणायचं होतं. खरं तर "बरं"सुद्धा नाही, नुसतं बसून चहा प्यायचा होता.

"मग दोष कुणाचा?" त्याने विचारलं.

"कुणाचा म्हणजे?" वहिनी पुढे आल्या. "भिंत नवीन, रंग नवीन, आणि ही आली. हातात सारखं ओलं फडकं. सांगून थकले मी. आज हिचे वडील येतायत न्यायला. राहू दे तीन-चार महिने माहेरी. घर कसं ठेवतात ते शिकून येऊ दे."

"मी एकदाच पुसली होती," सून म्हणाली. तिचा आवाज सहा दिवस तेच सांगून घोगरा झाला होता. "एकदाच, आणि कोरड्यासारख्याच फडक्याने."

"झालं! परत तेच," मेस्त्री म्हणाला. "माणसाने चूक कबूल करावी. आपलं झाकायला बघू नये."

पोपडेने हे वाक्य ओळखलं. सभागृहात लोक त्याला हेच म्हणाले होते. साक्षीला सुनेकडेही काहीच नव्हतं. नवरा कामावर गेला होता, म्हणजे पळाला होता.

पोपडे भिंतीकडे गेला. एक वळलेली पापडी हलकेच सोडवली. सोलल्यासारखी निघून आली. ती उलटी करून त्याने सगळ्यांना दाखवली. मागच्या बाजूला पिवळट, कडक थर होता.

"ही खळ आहे," तो म्हणाला. "कागदाची. फडक्याने असं होत नाही. हिने पुसलं असतं तर डाग पडला असता, पापडी नसती आली. भिंत धुतली गेली नव्हती."

मेस्त्रीचे डोळे बारीक झाले. "काय बोलतोस तू?"

"भिंत धुतली गेली नव्हती. एकच हात पाणी फिरवलं होतं मी. तळव्याला खळ लागत होती. मला माहीत होतं."

मेस्त्री, तो बोलघेवडा, क्षणभर गोंधळला, पण क्षणभरच. मग मांडीवर थाप मारली.

"ऐकलंत? स्वतःच्या तोंडाने! मी याला सांभाळून घेत होतो, आणि हा स्वतःच! अकरा वर्षांपूर्वी मी काय म्हणत होतो? भिंत हा धूतच नाही!"

"तुम्ही म्हणालात राहू दे!" पोपडे ओरडला. इतका ओरडला की वहिनी मागे सरल्या. "मी विचारलं होतं, दोन हात अजून धुऊ का? तुम्ही म्हणालात, बाकीचं प्रायमर गिळतो! तेव्हाही म्हणालात आणि आत्ताही म्हणालात! सुतारदादा, सांगा की! तुम्ही होतात ना इथे? सांगा!"

सुताराने बिजागरीचा स्क्रू काढला, फुंकर मारली, पुन्हा बसवला. मेस्त्रीच्या शब्दावर त्याला वर्षाची निम्मी कामं मिळत होती. "मी तेव्हा चौकट ठोकत होतो रे," तो म्हणाला. "ठोकताना कुठे काय ऐकू येतं."

"वहिनी?"

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं, मग फरशीवरच्या तुकड्यांकडे. "मी चहाच्या गडबडीत होते," त्या म्हणाल्या. उंदराला मांजर साक्ष म्हणतात ते हेच. पोपडेने तीन माणसं जमवली होती, आणि तिघांनाही ऐकू आलं होतं, आणि एकाच्याही कानात ते उरलं नव्हतं. वायरमनला बोलावण्यात काही अर्थ नव्हता, तो शिडीवर होतो म्हणाला असता.

"जा आता," मेस्त्री म्हणाला. "तुझ्यासारख्याला घरात घेतलं ही माझी चूक. आणि सगळ्यांना सांगणार आहे मी, हा पोपडे काय चीज आहे ते."

वहिनी काही न बोलता दाराशी गेल्या, बॅग उचलली आणि आत घेऊन गेल्या. सुनेकडे त्यांनी बघितलं नाही. माफ कर म्हणाल्या नाहीत, पण बॅग आत गेली. पोपडेला वाटलं, चला, एवढं तरी झालं. आपलं नाव गेलं ते गेलं, ते तसंही गेलेलंच होतं. पोरगी तर वाचली. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी असेल, ती काका म्हणेल, असं काहीतरी त्याला वाटलं असावं. माणूस आहे, वाटणारच.

मुलगी त्याच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तसं बघणं त्याला नवीन नव्हतं, तो मेस्त्रीकडे अकरा वर्षं तसंच बघत आला होता.

"तुम्हाला माहीत होतं?" तिने विचारलं.

"हो."

"रंग पडणार हेही?"

"हो."

"आणि मला बोलतायत, हे कधी कळलं तुम्हाला?"

तो खोटं बोलू शकला असता. आत्ताच कळलं म्हणाला असता तर कुणाला कळलं असतं? सुताराने तोंड उघडलं नसतं, ते तर दिसलंच होतं.

"पहिल्या दिवशी," पोपडे म्हणाला.

"सहा दिवस झाले," ती म्हणाली. "सहा दिवस मी या खोलीत उभी राहून सांगत होते, मी नाही केलं, मी नाही केलं. एकाने विश्वास ठेवला नाही. नवऱ्यानेसुद्धा नाही. तुम्ही कुठे होतात?"

पोपडेच्या अंगात इस्त्री केल्यासारखा सदरा होता, गाल गुळगुळीत होते, आणि बायकोने केलेल्या गोडाची चव अजून जिभेवर होती.

"घरी," तो म्हणाला. "घरीच होतो."